विहिरीच्या पाण्याची एक बाटली

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे मा. पोलीस अधीक्षक आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक

विषय : विहीर, नदी, तळ्यात सापडलेल्या मृतदेहांबाबत पाण्याचा आणि रक्ताचा नमुना वेळेवर घेण्याबाबत

महोदय, महोदया,

आमच्या शिवारात आठवडाभर दिवसाची लाईट असते आणि आठवडाभर रात्रीची. चार वर्षांपूर्वी वैशाखात रात्रीची पाळी होती. माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, अकराच्या सुमारास बॅटरी घेऊन मोटार चालू करायला शेतात गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरी बांधावर सापडली. विहिरीत गळ टाकून झाला, पोहणारी पोरं उतरून झाली, हाती काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा आपणहून वर आला.

तिसऱ्याच दिवशी का, हे मला नको तितकं नीट माहीत होतं. मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ३१ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. माणूस गेला की त्याच्या आतड्यातले जिवाणू थांबत नाहीत, उलट त्यांना अडवणारं कुणी उरत नाही. ते वायू सोडतात, शरीर फुगतं आणि पाणी त्याला वर ढकलतं. वैशाखात हे दोन-तीन दिवसांत होतं, पौषात आठवडाही लागू शकतो. विहिरीच्या काठावर उभं राहून मी मनातल्या मनात हा पाठ म्हणत होतो. माणसाचं डोकं अशा वेळी काय काय करतं, सांगता येत नाही.

चार दोरांना बाज बांधून खाली सोडली आणि दादाला वर काढलं. बीट हवालदार भला माणूस होता. भर उन्हात त्यानं मांडी घालून पंचनामा लिहिला, पोलीस पाटलांनी दोन पंच उभे केले, सह्या झाल्या आणि अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दादाला तालुक्याला नेलं आणि इकडे गावानं विहिरीचा उपसा सुरू केला. त्या उन्हाळ्यात ती विहीर प्रशासनानं अधिग्रहित केली होती, अर्धं गाव तिचं पाणी पीत होतं. 'मास्तर, काय करायचं सांगा,' असं लोकांनी मलाच विचारलं. दोन मोटारी लावून तळ दिसेपर्यंत उपसा करायला मीच सांगितलं. ग्रामपंचायतीतून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पिशवी मीच आणली. हजार लिटरला अडीच ग्रॅम हा पुस्तकी हिशोब, मी दुप्पट टाकायला लावली. संध्याकाळपर्यंत विहीर स्वच्छ झाली.

आपल्या तपासात या विहिरीच्या पाण्याचं काय काम होतं, हे त्या दिवशी हवालदाराला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण आठवलं नाही. म्हणून तक्रार लिहिताना पहिलं नाव मी माझंच घालतो.

पुढचं आपल्याला सांगायला नको, आपण असे कागद रोज पाहता. शवविच्छेदनानंतर मत राखून ठेवलं गेलं, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे तुकडे, तपासणीला गेला. सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, यायला १४ महिने लागले. विष नाही. बुडून मृत्यू झाला का, यावर काही सांगता येत नाही, कारण तुलनेसाठी पाणी आलेलं नाही. आणि शेवटची ओळ : १०० मिलिलिटर रक्तात ६२ मिलीग्रॅम इथाइल अल्कोहोल.

गाडी चालवणाऱ्याला कायदा ३० मिलीग्रॅमपर्यंत सूट देतो, म्हणजे कागदावर दादा दुपटीहून जास्त प्यालेला होता. दादा माळकरी. २६ वाऱ्या केलेल्या. चहासुद्धा एकादशीला सोडणारा. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी सरकारचं दोन लाखांचं अनुदान असतं, त्याचा अर्ज 'मद्याच्या अमलाखाली' या दोन शब्दांवर परत आला. गावात दोन तट पडले. ज्याच्याशी बांधाचा वाद होता त्यानंच ढकललं, असं एक तट म्हणायचा. 'वारकरी दिवसा, रात्री कोण बघतंय' असं दुसरा. वहिनी मला एवढंच म्हणाली, "भाऊजी, पाण्यातून काढलं तरी गळ्यातली माळ तुटली नव्हती. मग ही दारू आली कुठून?"

तिला मी जे सांगितलं ते आपल्यालाही सांगतो. दारू दादाच्या पोटात कुणी ओतली नव्हती. ती जिवाणूंनी आणि यीस्टनं त्याच्या रक्तातच गाळली असण्याची शक्यता दाट आहे.

रक्तात साखर असते. मेलेल्या शरीरात, विशेषतः आपल्याकडच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात, ई. कोलाय, क्लेब्सिएला, क्लॉस्ट्रिडियम, कँडिडा अशी मंडळी त्या साखरेवर बसतात आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं. हातभट्टीचं शास्त्र आणि हे शास्त्र एकच, फक्त गूळ-मोहाच्या जागी माणूस. कुजलेल्या देहात ६०-७० मिलीग्रॅम अल्कोहोल अशा रीतीनं तयार होऊ शकतं, कधी त्याहूनही जास्त, हे न्यायवैद्यकाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. एवढ्यावर काम थांबतही नाही. काढलेलं रक्त नुसत्या कुपीत भरलं आणि ती कुपी उन्हात, गाडीच्या डिकीत, मग मुद्देमाल खोलीतल्या लोखंडी कपाटात राहिली, तर कुपीतही गाळप चालूच राहतं. ते थांबवायला सोडियम फ्लोराइड घालतात, एका मिलिलिटरला १० मिलीग्रॅम. राखाडी टोपणाच्या कुपीत ते असतं. शरीरात आधीच तयार झालेलं अल्कोहोल फ्लोराइडनं जाणार नाही, पण पुढची भर पडणार नाही. आणि आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं हे ओळखायचं असेल तर डोळ्यातला द्रव आणि लघवी वेगळी काढून ठेवायची. डोळ्याच्या बंद गोळ्यात जिवाणू उशिरा पोचतात. माणूस खरंच प्याला असेल तर तिथंही अल्कोहोल सापडतं, आणि जिवंत यकृतानं अल्कोहोल पचवताना तयार केलेलं इथाइल ग्लुकुरोनाइड लघवीत सापडतं. रक्तात आहे, डोळ्यात नाही, लघवीत नाही, तर संशय जिवाणूंवर.

दादाच्या बाबतीत अल्कोहोलच्या तपासणीसाठी रक्त सोडून काहीही काढलं नव्हतं. कुपीला कसलं टोपण होतं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. माझं म्हणणं मी सिद्ध करू शकत नाही ते त्यामुळेच, आणि विरुद्ध बाजूचंही कुणाला सिद्ध करता येत नाही. पण अर्ज फेटाळायला सिद्धता लागली नाही.

आता पाण्याचं. साहेब, आपल्या विहिरीत, बारवेत, गोदावरीत, जायकवाडी धरणाच्या नाथसागरात एक शेवाळाची जात असते. एक पेशी, आणि तिच्याभोवती काचेचं कवच. खरोखर काचेचंच, सिलिकाचं. दोन अर्ध्या, एकमेकींवर झाकणासारख्या बसणाऱ्या. इंग्रजीत तिला डायटम म्हणतात, मराठी पुस्तकांनी नाव दिलं करंडक, कुंकवाच्या करंड्यावरून. नाव ज्यानं ठेवलं त्यानं सूक्ष्मदर्शकातून डोळा काढून देवघराकडे बघितलं असणार. दगडी पायरीवर पाय घसरतो त्या तपकिरी बुळबुळीत थरात चिमटीभर कोट्यवधी करंडक असतात.

जिवंत माणूस बुडतो तेव्हा पाणी फुप्फुसात जातं. हृदय अजून चालू असतं. फुप्फुसाच्या बारीक केशिका फाटतात, त्यातून छोटे करंडक रक्तात शिरतात आणि हृदय त्यांना यकृतात, मूत्रपिंडात, मांडीच्या हाडातल्या मज्जेत नेऊन टाकतं. आधी मारून मग विहिरीत टाकलं असेल तर पाणी फार तर फुप्फुसापर्यंत झिरपेल, कारण पुढे ढकलणारा पंप बंद आहे. म्हणून मांडीचं किंवा छातीचं अखंड हाड प्रयोगशाळेत जातं, मज्जा नायट्रिक ॲसिडमध्ये शिजवतात, मांस-चरबी सगळी जळून जाते, काच उरते. मग स्लाइडवर करंडक मोजतात आणि बघतात की त्या विहिरीत ज्या जाती आहेत त्याच हाडात आहेत का.

हा शेवटचा 'का' महत्त्वाचा. त्याच्यासाठी विहिरीचं पाणी लागतं. त्याच दिवसाचं, उपशाच्या आधीचं, टीसीएलच्या आधीचं. टीसीएलनं काच विरघळत नाही हे खरं, पण आम्ही पाणीच पाटात सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी झऱ्याचं नवं पाणी आलं. आठ दिवसांनी मी शहाणपण सुचून बाटली भरली. घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. एका थेंबात तीन-चार करंडक. चैत्रात त्याच विहिरीच्या थेंबात मी विद्यार्थ्यांना पन्नास-पन्नास मोजायला लावत असे.

बाटली भरत होतो तेव्हा शेजारचा गडी म्हणाला, "मास्तर, आता पाणी कशाला तपासायलाव? माणूस तर काढला की भायेर." त्याचं चुकलं नव्हतं, फक्त आठ दिवस उशीर झाला होता, आणि तो माझा होता.

आपल्यापैकी काहींना वाटेल की हे सगळं परदेशी चोचले आहेत, अमेरिकेत चालतं, पाथरीत किंवा केजला चालत नाही. म्हणून एक आपल्याच देशातली जुनी गोष्ट. २६ नोव्हेंबर १९३३. हावडा स्टेशनची गर्दी. आताच्या झारखंडातल्या पाकुडच्या जमीनदार घराण्यातला तरुण अमरेंद्र पांडे गाडीकडे चाललेला असताना एक माणूस त्याच्या दंडाला काहीतरी टोचून पसार झाला. काही दिवसांत ताप चढला, ४ डिसेंबरला अमरेंद्र गेला, दहनही झालं. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती. पण जिवंत असताना एका डॉक्टरनं त्याचं रक्त संवर्धनासाठी, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून बघण्यासाठी, काढून ठेवलं होतं. त्यात प्लेगचे जिवाणू वाढले. आणि कलकत्त्यात तेव्हा प्लेग नव्हता. मग हा जिवाणू आला कुठून, या एकाच प्रश्नाचा माग काढत पोलीस मुंबईपर्यंत आले. सावत्र भाऊ बिनोयेंद्र आणि त्याचा डॉक्टर मित्र तारानाथ भट्टाचार्य यांनी प्लेगचं संवर्धन मिळवायला आधी हाफकिन संस्थेचे दरवाजे ठोठावले होते, नंतर आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात जाऊन उंदरांवर प्रयोग केले होते. मुंबईतलं जाणं-येणं, उंदरांची खरेदी, सगळं बाहेर आलं. दोघांना फाशी झाली, हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. डीएनए तपासणीचं नावही नव्हतं तेव्हा. होती ती एक रक्ताची कुपी, वेळेवर काढलेली आणि नीट ठेवलेली.

प्लेगचा विषय निघाला की मला १९९४ आठवतं. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष व्हायचं होतं, आणि बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचा प्लेग निघाला. पाठोपाठ सुरत. पन्नासवर माणसं दगावली, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषध दुकानांतून गायब झाल्या, आमच्या कॉलेजात पोरं तोंडाला रुमाल बांधून यायची. तो खरंच प्लेग होता का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. जनुकीय तपासणीनं तो मिटला, पण तपासायला जिवाणू हाताशी होता म्हणून मिटला. नमुना नसता तर आजही आपण हॉटेलात बसून त्यावर भांडलो असतो.

आता मात्र मी स्वतःच्याच विषयाचा कान धरणार आहे. निवृत्तीनंतर मी बरंच वाचलं, आणि सूक्ष्मजीवांचा पुरावा म्हटलं की बातम्यांमध्ये जो थाट असतो तो मला पटत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की संगणकाच्या कीबोर्डवरचे जिवाणू वापरणाऱ्याच्या बोटांवरच्या जिवाणूंशी जुळतात. सुंदर काम. पण तो कीबोर्ड एकाच माणसाचा होता. आपल्या तहसीलच्या संगणकावर दिवसात किती बोटं पडतात? २०२४ साली कोलोरॅडो, टेनेसी आणि टेक्सास इथं ३६ देहदात्यांचे मृतदेह उघड्यावर ठेवून, कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या क्रमावरून मृत्यू कधी झाला याचा अंदाज साधारण तीन दिवसांच्या फरकानं बांधता येतो, असं प्रसिद्ध झालं. हेही फार मोठं काम. तिन्ही ठिकाणी तीच ठरावीक मंडळी जेवायला आलेली दिसली, हे विशेष. पण त्या मापात आपली काळी माती नाही, आपला वैशाख नाही, आणि अर्ध्या वाटेवर कुत्र्यांनी ओढलेला देह नाही. ते माप इथं तपासून घेतल्याशिवाय कुणी कोर्टात ठोकून सांगू लागला तर मी आरोपीच्या वकिलाच्या बाजूला बसेन.

दोन परदेशी खटले तर प्रत्येक पोलीस प्रशिक्षणात सांगावेत. २००१ साली अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली, पाच माणसं गेली, १७ आजारी पडली. एफबीआयनं हजारावर नमुने गोळा करून जिवाणूच्या जनुकांतल्या चार विशिष्ट बदलांवरून माग एका सरकारी प्रयोगशाळेतल्या एका फ्लास्कपर्यंत नेला. संशयित शास्त्रज्ञानं २००८ मध्ये आत्महत्या केली आणि २०१० मध्ये फाईल बंद झाली. २०११ मध्ये त्यांच्याच राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं तपासून सांगितलं की केवळ या विज्ञानाच्या आधारे ती पूड कुठून आली याचा ठाम निष्कर्ष निघत नाही. जगातली सगळ्यात महाग जिवाणू-चौकशी, आणि उत्तर 'जुळतं, पण एवढ्यावर थांबू नका'.

दुसरा खटला लिबियातल्या बेनगाझीचा. मुलांच्या रुग्णालयात चारशेवर मुलांना एचआयव्हीची लागण झाली. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरनं मुद्दाम केलं म्हणून फाशी सुनावली गेली. २००६ साली विषाणूच्या जनुकांचा वंशवृक्ष मांडून संशोधकांनी दाखवलं की ती लागण ही माणसं मार्च १९९८ मध्ये तिथं पोचण्याच्या आधीपासूनच पसरत होती. कोर्टानं ते मनावर घेतलं नाही, पुन्हा फाशीच सुनावली. २००७ मध्ये वाटाघाटी होऊन सुटका झाली. आठ वर्षं कोठडीत गेल्यावर. सूक्ष्मजीवाची साक्ष आरोपीला वाचवायलाही येते, ती ऐकून घेणारा कान लागतो.

करंडकांचंही तेच. हाडात सापडले म्हणून बुडालाच, सापडले नाहीत म्हणून बुडाला नाहीच, असं दोन्हीकडून म्हणता येत नाही. थोडंसं पाणी नाकातोंडात जाऊन श्वासनलिका आवळली गेली तर फुप्फुसात फारसं पाणी जात नाही. आणि हाड कापणारी करवत ज्या नळाच्या पाण्यानं धुतली त्या पाण्यातही करंडक असू शकतात. माझ्या मते या चाचणीची किंमत तिच्यासोबत आलेल्या कागदांइतकीच. विहिरीचं पाणी आहे, हाड अखंड होतं, करवत उकळलेल्या गाळीव पाण्यानं धुतली, तारीख-वेळ लिहिली आहे, तर ती बोलते. नाहीतर नुसती काच.

आपल्याकडे तर आणखी एक भानगड आहे जी कुठल्याही परदेशी पुस्तकात मी वाचली नाही. टँकर. दुष्काळात जायकवाडीच्या पाण्याचा टँकर येऊन गावच्या विहिरीत रिता होतो. त्या पाण्याबरोबर नाथसागरातले करंडक आमच्या विहिरीत मुक्कामाला येतात. म्हणजे एखाद्याच्या हाडात धरणातले करंडक सापडले तर तो धरणात बुडाला असं म्हणायचं, की टँकर रिता झालेल्या गावच्या विहिरीत? विहिरीचा नमुना घेताना तिथं शेवटचा टँकर कधी आणि कुठून आला हे विचारून पंचनाम्यात एक ओळ लिहायची. ग्रामसेवकाच्या रजिस्टरात ते असतं. श्रावणात, अश्विनात, चैत्रात एकाच विहिरीत जाती बदलतात, म्हणून नंतर कधीतरी भरलेली बाटली चालत नाही, हे वर आलंच.

कायद्याकडे वळतो, कारण आपण म्हणाल की नव्या कायद्यात सगळं आलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. उत्तम. पण विहिरीतला देह बाहेर येतो तेव्हा गुन्हा कुठं दाखल असतो? कलम १९४ खाली अकस्मात मृत्यू असतो. गुन्हा आहे की नाही हे ठरवणारा पुरावा ज्या तासात गोळा व्हायला हवा, त्या तासाला तज्ज्ञ बोलावण्याचं बंधन नाही. गुन्हा दाखल होतो महिन्यांनी, बाईच्या माहेरच्यांनी रेटा लावला तर. मग तज्ज्ञांची व्हॅन येते, आणि विहिरीत त्यावर्षीचा पाऊस भरलेला असतो. आपल्या भागात विहिरीत सापडणाऱ्या सुनांची संख्या मी इथं लिहीत नाही. आपल्या अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरात ती आहे.

संसदेनं कलम बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. आपण परिपत्रक काढू शकता, अर्ध्या पानाचं. पाण्यातून देह काढला की त्याच जागचं पाणी दोन नव्या, कोऱ्या बाटल्यांत, एक वरचं आणि एक तळाजवळचं, एकेक लिटर, पंचांसमोर भरून सील करायचं आणि मगच गावाला उपशाची परवानगी द्यायची. बिसलरीची रिकामी बाटली नको, तिच्यात आधी काय भरलं होतं कुणाला माहीत. तळाचं पाणी काढायला यंत्र लागत नाही. दोराला पोहरा आणि पोहऱ्यात दगड, आमच्या आजीला येत होतं. शवविच्छेदनगृहात हाड अखंड काढायचं, रक्त फ्लोराइडच्या कुपीत, डोळ्यातला द्रव वेगळा. व्हिसेरा मिठाच्या पाण्यात ठेवतात ते विषाच्या तपासणीसाठी ठीक, पण जिवाणू किंवा डीएनए बघायचा असेल तर त्या बरणीचा उपयोग नाही आणि फॉर्मलिनचा तर त्याहून नाही. वेगळा तुकडा, बर्फात. तालुक्याच्या मुद्देमाल खोलीत एक साधा फ्रीज, ज्यात कुणी डबा ठेवणार नाही. आणि शेवटचं, ज्याला पैसाही लागत नाही : कुजलेल्या देहाच्या रक्तात अल्कोहोल आलं की अहवालाखाली एक वाक्य छापावं, की हे मृत्यूनंतर तयार झालेलं असू शकतं. त्या वाक्यासाठी माझ्या वहिनीनं कुठल्या कुठल्या खिडक्यांवर उभं राहून काय काय ऐकलं ते मी इथं लिहिणार नाही.

हवालदारावर हे आणखी एक ओझं होईल हे मला कळतं. चार गावांना एक माणूस, बंदोबस्त, सप्ताह, निवडणूक, आणि त्यात बाटल्या. पण तो २४ तासांत अहवाल पाठवतोच, पंच उभे करतोच. बाटली भरायला पंधरा मिनिटं लागतात. मी आमच्या विहिरीवर घड्याळ लावून बघितलं, सतरा लागली.

करंडकांची एक नोंदवही मात्र पोलिसांनी करायची नाही, ती आम्हा शिकवणाऱ्यांची. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत, दोन विद्यापीठं आहेत, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. एम. एस्सी.ची पोरं दरवर्षी प्रकल्पाला विषय शोधत फिरतात. गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा, तेरणा आणि प्रत्येक तालुक्यातल्या दहा-दहा विहिरी, वर्षातून तीनदा. पाच वर्षांत मराठवाड्याच्या पाण्याचा नकाशा तयार होईल, आणि मृतदेह कुठल्या पाण्यातून आला हे निदान विचारता येईल. माझ्या घरी आमच्या विहिरीच्या ११ वर्षांच्या स्लाइड्स आहेत. विद्यार्थ्यांना शिकवायला म्हणून केल्या होत्या. ज्याला पाहिजेत त्यानं घेऊन जाव्यात.

बांधाच्या वादातला तो माणूस अजून आमच्या वाटेनं जात नाही, लांबून वळसा घालतो. त्यानं काही केलं असं मला वाटत नाही. वैशाखातल्या अंधारात दगडी काठावरून पाय घसरायला शत्रू लागत नाही. पण मला वाटून काय उपयोग, त्याला निर्दोष ठरवेल असं पाणी मीच पाटात सोडलं.

कुठल्याही ठाण्यात, कुठल्याही शनिवारी, मी सूक्ष्मदर्शक घेऊन यायला तयार आहे. एसटीचं तिकीट माझं. बाटली कशी भरायची आणि त्यात काय दिसतं हे एकदा डोळ्यानं बघितलं की हवालदार विसरत नाहीत, विद्यार्थ्यांपेक्षा बरे असतात.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
जि. परभणी

सोबत :
१) आमच्या विहिरीच्या पाण्याच्या दोन स्लाइड्सचे फोटो, एक चैत्रातल्या, एक उपशानंतर आठव्या दिवशीच्या
२) सी. ए. रिपोर्टची झेरॉक्स, नाव खोडून. वहिनीची परवानगी घेतली आहे.